पराजयाच्या दिवसांत

इ. स. १९६५ च्या जानेवारी महिन्यातील एक रात्र. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल या गावी तेथील विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ बसगाडीतून परत येत होता. वेक फॉरेस्ट विद्यापीठाशी झालेला सामना तो वीसहून अधिक गुणांनी हरला होता. गाडी विद्यापीठाच्या व्यायामशाळेपाशी आली, तेव्हा समोरचे दृश्य पाहून खेळाडू स्तब्ध झाले. तेथे गळ्याला दोर बांधून एक पुतळा लटकावलेला होता. तो कोणाचा, हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ त्याच गाडीत बसलेले होते. आणि त्यांच्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्यांना अशा रीतीने फाशी दिले होते.

संघातील बिली कनिंगहॅम हा उंचापुरा खेळाडू तत्काळ गाडीतून खाली उतरला आणि त्याने तो पुतळा ओढून पाडला. पुतळा खाली आला खरा. परंतु तो पाहताना त्या तरुण खेळाडूंच्या मनाला जो घाव बसला असेल, तो एवढ्याने भरून येण्यासारखा नव्हता.

हा पुतळा शत्रुपक्षाने टांगला असता, तर त्यात फारसे नवल वाटले नसते. पण तो टांगणारे हात आपल्याच माणसांचे होते. सामना असला म्हणजे तीच मुले घसा कोरडा होईपर्यंत संघाचा जयघोष करीत. एवढे प्रेम एवढ्या क्रोधात कसे पालटले? जे आपल्या संघावर जीव टाकतात, तेच त्याच्या पडत्या काळात त्याच्या प्रशिक्षकाचा अपमान का करतात? हे समजण्यासाठी या खेळाची आणि त्या प्रदेशाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

बास्केटबॉल हा खेळ मुळी विद्यार्थ्यांसाठीच जन्माला आला. इ. स. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक शारीरिक शिक्षणाचा वर्ग घेत असत. बाहेर कडाक्याची थंडी. मैदानी खेळ बंद पडलेले. मुलांना व्यायामशाळेतच खेळता येईल असा एखादा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी भिंतीलगतच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून चेंडू त्यांच्या हाती दिला. तो पहिला सामना एक विरुद्ध शून्य अशा गुणांनी संपला. टोपलीत चेंडू टाकण्याच्या या साध्या खेळाने पुढे थोड्याच वर्षांत साऱ्या अमेरिकेतील शाळा-महाविद्यालये काबीज केली.

त्या देशात महाविद्यालयीन सामन्यांना जे महत्त्व आहे, ते पाहून परदेशी मनुष्य चकित होतो. एकेका विद्यापीठाचे स्वतःचे रंग असतात, स्वतःचे गीत असते आणि हजारो प्रेक्षक मावतील असे बंदिस्त क्रीडागृह असते. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, नोकरी-धंद्याला लागतो, त्याचे केस पांढरे होतात. तरी आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की हरला, ही चौकशी तो सोडीत नाही. उत्तर कॅरोलायनात तर हे वेड विशेषच आहे. चॅपेल हिल येथील राज्य विद्यापीठाचा रंग फिकट निळा. तेथून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठ आहे. त्याचा रंग गडद निळा. जवळच रॅले या राजधानीच्या शहरी तिसरे मोठे विद्यापीठ आहे. ही तिन्ही विद्यापीठे एकमेकांची शेजारी आणि एकमेकांची प्रतिस्पर्धी. आपला पराभव शेजाऱ्याच्या अंगणातील विजयापेक्षा अधिक सलत नाही. म्हणून तेथील प्रेक्षकांचे दुःख नेहमी दुपटीचे असते.

डीन स्मिथ यांच्याकडे चॅपेल हिलच्या संघाची सूत्रे आली, तेव्हा त्यांचे वय केवळ तीस वर्षांचे होते. कॅन्सस राज्यातील एका शिक्षक-दांपत्याचा हा मुलगा. त्यांच्यापूर्वीचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांच्या संघाने इ. स. १९५७ मध्ये एकही सामना न हरता, बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. लोकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र होते. परंतु १९६१ साली जुगाराचे एक निंद्य प्रकरण उघडकीस आले. निरनिराळ्या विद्यापीठांतील काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचे अंतर त्यांच्या सोयीचे ठेवले होते. त्याची झळ या संघालाही लागली. तेव्हा विद्यापीठाने स्वतःच संघावर कडक बंधने घातली. वर्षाचे सामने सतरावर आणले आणि दूरच्या प्रांतांतून खेळाडू आणण्यास जवळजवळ मनाई केली. याच सुमारास मॅग्वायर विद्यापीठ सोडून गेले आणि त्यांचे तरुण साहाय्यक स्मिथ यांच्याकडे हे काम आले. विद्यापीठाचे कुलगुरू विल्यम एकॉक यांनी त्यांच्याकडून विजयांच्या संख्येपेक्षा संघाच्या स्वच्छ वर्तनाची अपेक्षा धरली होती.

पहिल्या वर्षी संघाने आठ सामने जिंकले व नऊ गमावले. पुढे तिसऱ्या वर्षी बारा विजय आणि बारा पराभव झाले. प्रेक्षक असंतुष्ट होऊ लागले. संघावरील बंधनांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु सज्जात बसून चेंडूकडे पाहणाऱ्या मनुष्याला कारणे आठवत नाहीत, त्याला गुणफलक तेवढा दिसतो. शिवाय महाविद्यालयीन संघ घडविणे हे काम फार सावकाशीचे असते. प्रशिक्षकाला गावोगाव हिंडून शाळा संपविणारी गुणी मुले शोधावी लागतात, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास संपादावा लागतो. त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणजे आज पेरलेले बी उगवून वर येण्यास दोन-तीन वर्षे लागत. आणि पीक हाती येते न येते तोच विद्यार्थी पदवी घेऊन निघून जाई. शेतकऱ्याला हे कळते; प्रेक्षकाला ते समजावून सांगणे कठीण.

त्या जानेवारीच्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत स्मिथ यांचा संघ डरहॅम येथे ड्यूकशी खेळावयास गेला. ड्यूकचा संघ आदल्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला. आणि तरीही स्मिथ यांच्या खेळाडूंनी त्याला त्याच्याच क्रीडागृहात हरविले. अर्थात एका विजयाने सर्व काही पालटले नाही. तथापि विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला काढले नाही आणि प्रशिक्षकाने आपली रीत सोडली नाही.

ती रीत मोठी शिकण्यासारखी होती. ज्याने टोपलीत चेंडू टाकला, त्याने आपल्याला चेंडू पुरविणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवून त्याचे श्रेय सर्वांसमक्ष त्याला द्यावे, असा स्मिथ यांचा दंडक होता. दमलेल्या खेळाडूने मूठ उंचावून खूण करावी. त्याला बाहेर विसावा मिळे आणि दम परत आला की पुन्हा खेळावयास जाण्याची मोकळीकही त्यालाच असे. आपला थकवा कबूल करण्यात कमीपणा नाही, हे मुले अशा रीतीने शिकत. अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदाचा कडवा पगडा असताना स्मिथ यांनी चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला आपल्या विद्यापीठात आणले. यांतील एकही गोष्ट गुणफलकावर दिसणारी नव्हती. ती दिसण्यास प्रेक्षकांपाशी धीर असावा लागतो.

या धीराचे फळ यथाकाल मिळाले. १९६७, १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ तीन वर्षे स्मिथ यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत गेला. १९८२ आणि १९९३ या वर्षी त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर १९९७ साली स्मिथ निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते.

मनुष्य एका अनुभवाने शहाणा होतो, असे म्हणतात. समाजाची गोष्ट मात्र निराळी आहे. चॅपेल हिलमध्ये जे घडले, तेच पुढे शेजारच्या डरहॅममध्ये घडले.

१९८० साली ड्यूक विद्यापीठाने तेहतीस वर्षांच्या एका अपरिचित तरुणाला आपला प्रशिक्षक नेमले. त्यांचे नाव माइक शेशेफ्स्की. शिकागो शहरातील पोलिश वंशाच्या एका कष्टाळू कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. सैनिकी महाविद्यालयात ते स्वतः खेळले होते आणि पुढे तेथील संघाचे प्रशिक्षकही झाले होते. परंतु तेथील अखेरच्या वर्षी त्यांच्या संघाने नऊ सामने जिंकले व सतरा गमावले होते. असा मनुष्य कोणी निवडावा? त्यांचे आडनाव लिहिताना इतके अवघड, की हे छपाईतील चूक नव्हे, असा खुलासा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या दैनिकाला आपल्या मथळ्यातच करावा लागला.

पहिले वर्ष कसेबसे निभावले. दुसऱ्या वर्षी दहा विजय आणि सतरा पराभव. तिसऱ्या वर्षी अकरा विजय आणि पुन्हा सतरा पराभव. १९८३ च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहरातील वॅग्नर नावाच्या एका लहानशा महाविद्यालयाने ड्यूकला त्याच्याच क्रीडागृहात हरविले. ड्यूकच्या चाहत्यांना यापेक्षाही एक मोठे दुःख होते. १९८२ साली शेजारच्या चॅपेल हिलने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. आणि १९८३ साली रॅलेच्या विद्यापीठाने ते पटकाविले. डाव्या-उजव्या हाताचे शेजारी गुढ्या उभारीत होते आणि ड्यूकच्या दारी मात्र सामसूम होती.

विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि देणगीदार संतापले. या प्रशिक्षकाला काढून टाका, अशी मागणी क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांच्याकडे होऊ लागली. बटर्स यांनीच शेशेफ्स्कींना निवडले होते. त्यामुळे त्यांच्या निवडीलाही लोक नावे ठेवू लागले.

१९८३ च्या मार्च महिन्यात या दुर्दैवाचा कळस झाला. अटलांटा शहरी चाललेल्या प्रादेशिक स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाने ड्यूकला १०९ विरुद्ध ६६ अशा गुणांनी धूळ चारली. त्रेचाळीस गुणांचा हा पराभव होता. त्या रात्री प्रशिक्षक आणि त्यांचे काही सहकारी एका साध्या उपाहारगृहात जेवावयास बसले. त्यांच्यापैकी एकाने पेला उंचावून, आजची रात्र विसरून जाण्याची इच्छा बोलून दाखविली. शेशेफ्स्की यांनी त्यास तत्काळ अडविले. ही रात्र कधीही विसरावयाची नाही, असे म्हणून त्यांनी आपला पेला उचलला.

या एका उत्तरात त्या मनुष्याचे सारे बळ दिसून येते. पराभव झाला की त्याच्यापासून पळावे, असे कोणालाही वाटते. प्रेक्षक पळतो, तो कोणावर तरी दोष ढकलून. खेळाडू पळतो, तो दैवाला किंवा पंचाला बोल लावून. शेशेफ्स्की यांनी यांपैकी काहीही केले नाही. त्यांनी पराभवाला आपल्या घरात जागा दिली. पुढील हंगामाचा सराव सुरू झाला, तेव्हा क्रीडागृहातील गुणफलकावर १०९ आणि ६६ हेच आकडे झळकत होते, असे सांगतात.

त्या पडत्या वर्षी ज्यांच्यावर लोक हसत होते, त्या संघात पहिल्या वर्षाची काही मुले होती. जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन ही त्यांची नावे. आता नियम बदलला होता आणि पहिल्या वर्षीच खेळण्याची मुभा मिळाली होती. म्हणून अठरा-एकोणीस वर्षांची ही मुले वयाने व अनुभवाने मोठ्या खेळाडूंसमोर उभी राहून मार खात होती. प्रेक्षकांना सतरा पराभव दिसत होते. प्रशिक्षकाला त्या पराभवांत उद्याचा संघ दिसत होता. दोघेही एकाच मैदानाकडे पाहत होते. फरक होता तो दृष्टीच्या पल्ल्याचा.

टॉम बटर्स यांचीही दृष्टी लांब पोहोचणारी होती. १९८४ च्या जानेवारीत, टीकेचा जोर पुरता ओसरला नसतानाच, त्यांनी शेशेफ्स्कींच्या सेवेची मुदत वाढविली. ज्यांना प्रशिक्षकाची गच्छंती हवी होती, त्यांना हे उत्तर होते. जिंकून आल्यावर पाठीवर थाप मारणारे पुष्कळ भेटतात. हरत असताना पाठीशी उभा राहणारा विरळा. त्या हंगामात ड्यूकने चोवीस सामने जिंकले आणि प्रादेशिक स्पर्धेत स्मिथ यांच्या बलाढ्य संघाचा पराभव केला.

१९८६ च्या जानेवारीत एक विलक्षण योग जुळून आला. चॅपेल हिल येथे वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे एक भव्य क्रीडागृह उभारले गेले होते आणि त्याला डीन स्मिथ यांचेच नाव देण्यात आले होते. ज्या गावात एके काळी त्यांचा पुतळा फासावर टांगला गेला, त्याच गावाने हयातीतच त्यांचे नाव एका वास्तूवर कोरले. त्या क्रीडागृहातील पहिला सामना झाला तो ड्यूकशी. त्या वेळी देशभरातील संघांच्या क्रमवारीत चॅपेल हिलचा संघ पहिला व ड्यूकचा तिसरा होता. एका बाजूस स्मिथ, दुसऱ्या बाजूस शेशेफ्स्की. लोकांनी एकेकाळी टाकाऊ ठरविलेले हे दोन प्रशिक्षक आता देशातील अग्रगण्य संघ घेऊन समोरासमोर उभे होते. चॅपेल हिलने तो सामना ९५ विरुद्ध ९२ असा जिंकला. ड्यूकनेही त्या वर्षी सदतीस विजय मिळवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तीन वर्षांपूर्वी ज्या मुलांनी १०९ विरुद्ध ६६ हा पराभव सोसला होता, तीच मुले आता या संघाचा आधारस्तंभ होती.

पुढे १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे शेशेफ्स्की यांनी ड्यूकला मिळवून दिली. २०२२ साली ते निवृत्त झाले, तोपर्यंत त्यांच्या एकूण विजयांची संख्या १२०२ झाली होती. गंमत अशी, की त्यांच्या आयुष्यातील अखेरच्या सामन्यातही त्यांना पराभवच पत्करावा लागला. आणि तोही शेजारच्या चॅपेल हिलकडून. परंतु त्या पराभवानंतर त्यांचा पुतळा कोणी टांगला नाही.

या दोन कथांवरून कोणी असे म्हणेल, की ज्यांना लोकांनी नाकारले ते पुढे थोर ठरले; म्हणून लोकांचे चुकले. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण तो पुरेसा नाही. प्रत्येक हरणारा प्रशिक्षक पुढे स्मिथ किंवा शेशेफ्स्की होत नाही. कित्येकांना पुष्कळ संधी देऊनही यश लाभत नाही आणि त्यांना जागा सोडावी लागते. संघाचा खेळ ढिसाळ असेल, तर तसे म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. डावपेच चुकले असतील, तर ते दाखवून देण्यातही काही गैर नाही. ज्याला संघाविषयी काहीच वाटत नाही, त्याला राग येत नाही. राग येतो तो आपलेपणामुळे. तेव्हा प्रेक्षकांचा असंतोष हा मुळात दोष नव्हे.

दोष आहे तो त्या असंतोषाने मर्यादा ओलांडण्यात. खेळातील चूक दाखविणे ही टीका. माणसाचा पुतळा फासावर चढविणे ही विटंबना. टीकेपासून प्रशिक्षकाला काही शिकता येते. विटंबनेपासून कोणीच काही शिकत नाही. उलट, गाडीतून उतरणारी वीस-एकवीस वर्षांची मुले आपल्या गुरूचा अपमान पाहतात आणि त्याचे कारण आपलाच खेळ आहे, हे शल्य उरी बाळगतात. डीन स्मिथ यांनी पुढे एकही विजेतेपद मिळविले नसते, तरी तो पुतळा टांगणे अयोग्यच ठरले असते. माणसाचा मान त्याच्या विजयांच्या संख्येवर अवलंबून ठेवावयाचा नसतो.

या संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी संघाचे मार्गदर्शन केले. त्यांच्या कारकीर्दीत त्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या संघाला पुढे अनेक नामवंत प्रशिक्षक लाभले. पण विजयांपेक्षा पराभव अधिक झालेला तेथील एकमेव प्रशिक्षक म्हणजे या खेळाचा निर्माताच होय! नेस्मिथ यांच्या हाताखाली फॉग ॲलन हे खेळाडू तयार झाले, ॲलन यांच्या हाताखाली डीन स्मिथ शिकले. केवळ आकडे पाहणाऱ्याने नेस्मिथ यांना अयशस्वी ठरविले असते. परंतु आज जगात जेथे जेथे टोपलीकडे चेंडू फेकला जातो, तेथे तेथे त्यांचेच कार्य चालू असते.

डीन स्मिथ २०१५ च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या संघात एके काळी खेळलेल्या सुमारे एकशेऐंशी खेळाडूंच्या घरी एकेक पत्र आले. स्मिथ यांनी आपल्या मृत्युपत्रात प्रत्येकासाठी दोनशे डॉलर ठेवले होते. बाहेर एकदा चांगले जेवण करावे, एवढीच त्यामागची इच्छा होती. त्या खेळाडूंत जिंकलेले होते तसे हरलेलेही होते. विजेत्याला अधिक आणि पराभूताला कमी, असा भेद त्यांनी केला नव्हता. प्रेक्षकांच्या गर्दीला जे एका रात्री सुचले नाही, ते त्या वृद्ध शिक्षकाने जाताना शांतपणे करून दाखविले.

शब्दार्थ

गुणफलक – दोन्ही संघांचे गुण दाखविणारी पाटी. दंडक – कायमचा नियम. निंद्य – निंदा करण्याजोगे. गच्छंती – कामावरून दूर होणे. विटंबना – जाणूनबुजून केलेला अपमान. शल्य – मनात सलणारे दुःख. निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय

१. चॅपेल हिल येथे परत आलेल्या खेळाडूंना कोणते दृश्य दिसले? कनिंगहॅम याने त्या वेळी काय केले?

२. डीन स्मिथ यांचा संघ पहिल्या काही वर्षांत दुबळा का राहिला? दोन कारणे लिहा.

३. ‘दोघेही एकाच मैदानाकडे पाहत होते, फरक होता तो दृष्टीच्या पल्ल्याचा.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. टीका आणि विटंबना यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा. तुमच्या शाळेच्या संघाच्या सामन्यात तुम्ही पाहिलेले एखादे उदाहरण द्या.

५. पराभवाची रात्र विसरू नये, असे शेशेफ्स्की यांना का वाटले असावे? आठ-दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : धूळ चारणे, नावे ठेवणे, जीव टाकणे, बोल लावणे.